चौकोनाचं माप

...पातेल्याची कड कपाच्या काठाला टेकली, टेकल्याचा तो बारीकसा आवाज आला — स्टीलचा चिनी मातीवर — आणि मगच अक्षतानं पातेलं कलतं केलं. आधी टेकवायचं, मग ओतायचं. तेहेतीस वर्षांतली निदान वीस-बावीस वर्षं ती चहा असाच ओतत आलेली, आणि बघणाऱ्याला त्यात वावगं काही दिसत नाही. फार तर पोरगी निगुतीनं काम करते असं वाटतं. मागे तिला बघायला आलेल्या एका बाईंनी तर, थेंब सांडत नाही हो तुमच्या मुलीच्या हातून, असं तोंडभरून कौतुक केलं होतं. आई त्यावर हसली होती, आणि बाई जिना उतरून गेल्यावर हसायची थांबली होती.

कप कुठे आहे हे अक्षताला दिसतं, किती लांब आहे ते दिसत नाही. डावा डोळा आहे, चांगला टपोरा आहे, उजव्याच्या बरोबरीनं इकडेतिकडे फिरतो, काजळ घातलं तर शोभतोही. फक्त काम करत नाही. त्याच्यातून उजेड-अंधार कळतो, बाकी सगळा नुसता पांढुरका गोंधळ. आळशी डोळा, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि पाच वर्षांच्या अक्षताला ते फार आवडलं होतं. आपल्या घरात कुणीतरी आळशी आहे, आणि सकाळी उठवायला त्याला कुणी ओरडत नाही, याचं तिला कौतुकच वाटलं होतं.

“आज तुजी परीक्षा मां?” आईनं — लताबाईंनी — डबा भरता भरता विचारलं. देवगड सोडून चाळीस वर्षं झाली, मुलुंडात दोनदा घरं बदलली, पण आईची बोली सामानातून कुठे हरवली नाही. माझी नाही, गाडीची, असं अक्षता म्हणाली. मग आईनं रोजचंच वाक्य म्हटलं, रस्तो बघून ओलांड गो, आणि अक्षतानं रोजचंच हो म्हटलं. परीक्षा माझी नाही हे जितक्या झटकन ती म्हणाली, तितक्या झटकन खरं बोलणारी माणसं म्हणत नसावीत, हे जिना उतरताना तिच्या लक्षात आलं.

कारण परीक्षा तिचीच होती. चार वाजता एका इस्पितळाची दोन माणसं अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या त्या सहा माणसांच्या कंपनीत येणार, आणि धुतलेल्या चादरी वाहून नेणारी एक बुटकी, चार चाकांची, आपली आपण चालणारी गाडी बघणार. गाडीनं समोरच्या मांडणीपाशी जायचं, बरोबर चाळीस सेंटिमीटरवर, बरोबर सरळ रेषेत थांबायचं. इकडेतिकडे अर्धा सेंटिमीटर माफ. तीनदा पाठवायची, तिन्ही वेळा जमली तर गाडीवर कॅमेरा एकच राहील. एकदा जरी चुकली तर दुसरा बसेल. अनिरुद्धनं, म्हणजे मालकानं, सोमवारी असं जाहीर केलं होतं आणि वर, यात कुणी मनाला लावून घ्यायचं नाही, असंही म्हणाला होता. अक्षतानं त्याच क्षणी लावून घेतलं.

बसमध्ये खिडकी मिळाली. पवईच्या तलावाशी गाड्या खोळंबल्या आणि तिला आवडतं ते सुरू झालं — रिक्षा मोजणं. लोकांना वाटतं, उपनगरातला रस्ता म्हणजे नुसता कल्ला, तिला विचारा. रिक्षा सगळ्या एकाच मापाच्या. मालाडची असो, घाटकोपरची असो, टपावर मुलाचं नाव असो की देवाचं, उंची तीच, रुंदी तीच. हात लांब करून धरला आणि रिक्षा अंगठ्याच्या नखाएवढी दिसली की रस्ता ओलांडायला चिकार वेळ आहे. तळहाताएवढी झाली की गुपचूप थांबायचं. हात अर्थात आता कोण धरतंय, ते सगळं डोळ्यातच होतं, एका. वस्तू खरी केवढी आहे हे माहीत असलं आणि दिसतेय केवढी हे कळलं, की किती लांब आहे ते आपोआप निघतं. शीव-वांद्र्याच्या पलीकडे रिक्षा नाहीत. तिथे सगळ्या गाड्या वेगवेगळ्या आकाराच्या, लांबची मोठी आणि जवळची छोटी असा घोळ, आणि म्हणून मुंबईत जायचं म्हटलं की अक्षता काहीतरी निमित्त काढून टाळते. मैत्रिणींना वाटतं हिला समुद्राचं, जुन्या इमारतींचं काही नाही. असू दे... मला नाही तर नाही.

हीच युक्ती तिनं गाडीला शिकवली. मांडणीवर एक कागद, त्यावर छापलेला काळा चौकोन, त्याच्या पोटात पांढऱ्या-काळ्या घरांची नक्षी. चौकोनाची बाजू सोळा सेंटिमीटर, एवढं गाडीला आधी सांगून ठेवलेलं. कॅमेरा बघतो, चौकोन किती मोठा दिसतोय त्यावरून अंतर काढतो, आणि त्याचे चार कोपरे किती वाकडे झालेत त्यावरून आपण किती तिरपे आलोय ते काढतो. एक डोळा, एक चौकोन. पहिल्यांदा जमलं तेव्हा, पावणेदोन वर्षांपूर्वी, गाडी येऊन मांडणीसमोर अलगद थांबली आणि अक्षता पाणी प्यायला म्हणून जी बाहेर गेली ती दहा मिनिटं परत आली नाही. रडली वगैरे नाही. बाहेर एका टेम्पोत फरशा चढवत होते, त्या बघत उभी राहिली.

आणि मग सुयोग. शेजारच्या टेबलावर बसतो, सत्तावीस-अठ्ठावीसचा, उंच, केस कायम झोपेतून उठल्यासारखे. आला तेव्हा दोन-चार आठवडे बरा होता, पुढे तुटक झाला. कामापुरतं बोलतो. आणि गेल्या महिन्यातल्या बैठकीत त्यानं दुसऱ्या कॅमेऱ्याचा विषय काढला. दोन कॅमेरे असले की छापील चौकोनावर विसंबायला नको, दोघांना दिसतं त्यातल्या फरकावरूनच अंतर निघतं, असं त्याचं म्हणणं, आणि शास्त्र म्हणून ते खोटं नव्हतं. पण शेवटी तो सहज बोलून गेला होता, दोन डोळे काय देवानं शोभेला दिलेत का. सगळे हसले. अक्षताही हसली. शोभेचा डोळा तिच्या चेहऱ्यावर होता आणि तोही इमानानं उजव्याबरोबर हसला असावा.

कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं. आईची तशी शिकवणच — कोणाक सांगू नको. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं की चांगल्या डोळ्यावर रोज सहा तास पट्टी बांधा, वर्षभर. आळशाला काम पडलं की सुधारतो. आईनं जांभळ्या खणाच्या तुकड्याची पट्टी शिवली, मागे इलॅस्टिक लावलं. आठ दिवस अक्षता कपाटांना, मोरीच्या कठड्याला, शेजारच्या काकांना धडकत राहिली. नवव्या दिवशी जिन्याच्या चार पायऱ्या एकदम उतरली, हनुवटीला दोन टाके पडले. त्या संध्याकाळी पट्टी गेली ती गेलीच, आणि पुढे त्या विषयाचं तोंडसुद्धा घरात कुणी बघितलं नाही. फोटो काढायचा तर जरा उजवीकडे वळून, चेंडूचे खेळ नकोत, लग्नाचं बघायला येणाऱ्यांना काही बोलायचं नाही. माझ्यात एक खोट आहे आणि आईला तिची लाज वाटते, असा हिशेब अक्षतानं फार लवकर मांडून टाकला होता, आणि मांडलेला हिशेब परत कोण तपासतं...

कंपनीच्या दारात शिरली तर गाडी उभी. मांडणीपासून एकोणचाळीसच्याही आत. परवापासूनचं हे दुखणं. इस्पितळाच्या लोकांसमोर जरा झोकात दिसावं म्हणून तिनं परवा मरोळच्या नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून जाड, गुळगुळीत कागदावर नवा चौकोन छापून आणला, तो लावला, आणि त्याच दिवसापासून गाडीनं मान टाकली. चाळीसला थांबायची ती सव्वा सेंटिमीटर पुढे घुसायला लागली. अक्षतानं मुकाट्यानं तेवढी भर घालून ठेवली, म्हणजे गाडीला सांगितलं की तुला वाटतं त्याच्या जरा आधीच थांब. ते जमलं, तर एक मीटरवर तीन सेंटिमीटरची चूक दिसली. तिथे तीनाची भर. मग दोन मीटरवर, जिथे गाडी वळण घेते, तिथे सहा. तिथे सहाची. एकावर एक ठिगळं चढत गेली, आणि तरी गाडी मधूनच आजच्यासारखी पुढे घुसायचीच. चौकोनाचा तिला संशयसुद्धा आला नाही. गुळगुळीत, देखणा, तिनं स्वतः आणलेला. संशय आला तो एका डोळ्याचा. शेवटी नाहीच पुरत का एक, हे तिला दोन दिवस सारखं वाटत होतं, आणि त्या वाटण्यावर ती ठिगळं लावत होती.

आजची तेवढी एकच नवी गोष्ट म्हणजे फ्रेम. खंडूकाका, कंपनीतले फिटर आणि गरजेला सुतार, साताऱ्याकडचे, छप्पन वर्षांचे, यांच्याकडे तिनं चौकोनासाठी लाकडी फ्रेम मागितली होती, आणि तीही तिरकी बसणारी. यावरून खंडूकाका दोन दिवस तिच्याशी जरा दुखावल्यासारखेच बोलत होते. जन्मभर काटकोनाला गुण्या लावून, ओळंबा सोडून सरळ बसवत आलो, आणि आता ताई म्हणतात वाकडं बसवा. तिनं त्यांना समजावून सांगितलं होतं: चौकोन अगदी तोंडासमोर असला की कॅमेऱ्याला अंतर कळतं, पण तो किंचित डावीकडे वळलाय की उजवीकडे ते कळत नाही; दोन्हीकडून चित्र जवळपास सारखंच दिसतं. मुद्दाम थोडा तिरका ठेवला की मग कोपरे बोलायला लागतात. खंडूकाकांनी ऐकून घेतलं होतं. मग म्हणाले होते, म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाचंच काही कळत नाही म्हणा की. हे त्यांनी चेष्टेत म्हटलं की कसं, ते अक्षताला कळलं नाही, कारण ते अगदी समोर उभे होते.

दुपारी अडीचला गाडी चार्जिंगला लावलेली. चार वाजेपर्यंत ती हलणार नव्हती. अक्षता डबा पुढ्यात घेऊन ठिगळांच्या आकड्यांकडे बघत बसली होती — सव्वा, तीन, सहा — आणि भाजी गार होत होती. तेवढ्यात खंडूकाका फ्रेम घेऊन उजव्या बाजूनं आले आणि टेबलावर ठेवून त्यांनी ती बोटानं हलवली. आत बसवलेला चौकोनाचा कागद त्याच्या पाठीमागच्या फळीसकट खुळखुळला. अक्षताच्या तोंडून पटकन निघून गेलं की फ्रेम मोठी झाली का. छप्पन वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला राग म्हणता येणार नाही. कुणी वडिलांचं नाव चुकीचं घेतल्यावर होतं तसं काहीतरी झालं.

“फ्रेम बराबर हाय, ताई,” ते म्हणाले. “तुमचा चौकोनच ल्हान आलाय.”

त्यांनी खिशातून पोलादी पट्टी काढली. नकाशात कागदाची कापायची रेघ वीस सेंटिमीटरला होती. त्या रेघेवरच त्यांनी कापलं होतं, पांढरी किनार न छाटता — मागे एकदा टापटिपीच्या नादात त्यांनी ती छाटली होती आणि कॅमेऱ्याला चौकोन दिसेनासाच झाला होता, तेव्हापासून ते किनारीला हात लावत नसत. पट्टीवर भरले एकोणीस सेंटिमीटर चार मिलिमीटर. मग त्यांनी पट्टी काळ्या चौकोनावर ठेवली आणि तिच्याकडे सरकवली, तुम्हीच वाचा म्हणून. साडेपंधरा. सोळा नाही.

झेरॉक्सवाल्यानं कागदात नीट बसावं म्हणून चित्र जरासं आवळून छापलं होतं. शंभराला सत्याण्णव. त्यानं चांगुलपणानंच केलं असणार, त्याच्याकडे लग्नपत्रिका, हॉलतिकिटं, सगळंच तो असं कागदात बसवून देतो. गाडी बिचारी समजत होती की समोर सोळाचा चौकोन आहे; तो होता साडेपंधराचा; लहान दिसला म्हणून तिला तो खरा होता त्यापेक्षा लांब वाटला, आणि लांब वाटला म्हणून ती पुढे पुढे जात राहिली. कॅमेऱ्यानं जे बघितलं ते अगदी अचूक बघितलं होतं. त्याला माप चुकीचं सांगितलं होतं, इतकंच, आणि सांगणारी मी. चाळीसला सव्वा, शंभराला तीन, दोनशेला सहा... सातवीतल्या पोरानं त्रैराशिक मांडून दाखवलं असतं. दोन दिवस हे तीन आकडे माझ्यासमोर एका ओळीत उभे होते आणि मी त्यांच्याकडे बघून स्वतःच्या डोळ्याला शिव्या देत होते. आणि पट्टी — पट्टी मी लावलीच नाही, कारण पट्टी, सुई, टेप ही कामं मी लहानपणापासून दुसऱ्याकडे सरकवते; हात चुकेल आणि कुणाला कळेल म्हणून.

तिला हसू फुटलं. खंडूकाकांना आधी कळेना, मग तेही जरासे हसले आणि फ्रेम सहा मिलिमीटरनं लहान करून आणतो म्हणून गेले. जाताना मात्र त्यांच्या चालीत, दोन दिवसांत पहिल्यांदा, ओळंब्यात असलेल्या माणसाचा ताठा होता.

सुयोगनं ऐकलं होतंच. तो उठून तिच्या टेबलासमोर आला, पडद्यावरचे तीन आकडे त्यानं वाचले आणि म्हणाला की हे इतकं सरळ होतं. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरोखरच आश्चर्य वाटत होतं, की इतरांची चूक आठ हातांवरून पकडणारी ही बाई, हिला आपल्या नाकासमोरचं कसं दिसलं नाही. तुला कसं नाही दिसलं, असंच त्यानं विचारलं. आणि अक्षताच्या मनात सवयीचं उत्तर तयार होऊन आलं — झोप झाली नव्हती, घाईत होते — ते तिनं जिभेपर्यंत येऊ दिलं... आणि मग कंटाळा आला. भीती गेली वगैरे काही नाही, नुसता कंटाळा, अठ्ठावीस वर्षांचा, एकदम.

“मला एकाच डोळ्यानं दिसतं, सुयोग. डाव्यानं जवळजवळ काहीच नाही, लहानपणापासून. मला वाटलं चूक त्यातच आहे.”

ती स्वतःच्या आवाजाकडे लक्ष देऊन ऐकत होती. आवाज ठीक होता. सुयोगनं मान वळवून आपल्या टेबलाकडे बघितलं, परत तिच्याकडे बघितलं, आणि एक बोट वर करून ते तिच्या खुर्चीवरून आपल्या खुर्चीपर्यंत हवेत हळूहळू फिरवलं.

“डाव्यानं,” तो म्हणाला. “म्हणजे मी बसतो ती बाजू?”

ती हो म्हणाली. आणि मग त्या उंच माणसाचा चेहरा असा काही पालटला की ते बघून तिला आधी काळजीच वाटली. तो तिथेच, तिच्या टेबलाच्या कडेवर, बसला आणि सांगायला लागला. सांगताना मधे मधे कान खाजवत होता. आल्या आल्या पहिले तीन आठवडे तो रोज सकाळी तिला हात करायचा. तिनं कधी मानसुद्धा हलवली नाही. एकदा त्याच्या आईनं भोपळ्याचे घारगे दिले होते, डबा तिच्या कोपराशी धरून तो उभा राहिला होता, किती वेळ ते त्यानं मोजलं नाही, आणि शेवटी सहाच्या सहा त्यानंच खाल्ले. पण खरं लागलं ते पुढेच. गाडी पहिल्यांदा जमली त्या दिवशी. त्यानं टाळीसाठी हात वर केला होता, अगदी तिच्याजवळ, आणि ती त्या हाताशेजारून सरळ बाहेर निघून गेली होती. सगळे बघत होते. मग तो हात त्यानं कुठे न्यायचा म्हणून डोक्यावर नेला आणि डोकं खाजवलं. त्या दिवशी त्यानं ठरवून टाकलं की या बाईंना आपण नको आहोत.

“दुसरा कॅमेरा मी त्याच्यासाठीच काढला होता,” तो म्हणाला. “तुझ्या कामात मला शिरायलाच कुठून मिळत नव्हतं गं. म्हटलं, एखादा कॅमेरा तरी माझा असेल.”

अक्षता फरशीकडे बघत राहिली. घारगे, मनात आलं. मला घारगे किती आवडतात. आणि टाळीचं म्हणशील तर... टाळी दिसली असती तरी मी दिली असती का? समोरचा तळवा किती लांब आहे ते मला कळत नाही, टाळी हुकते, म्हणून कॉलेजात मी टाळ्यांच्या वेळी नेमकी बॅग आवरायला घ्यायचे. ते तिनं त्याला सांगितलं नाही. एका दिवसाला एवढं पुरे. ती फक्त एवढंच म्हणाली की मला माहीत नव्हतं, आणि हे वाक्य इतकं खरं होतं की तिला ते दुसऱ्यांदाही म्हणावंसं वाटलं, पण पहिल्यानंच भागलं होतं.

मग काम होतं. ठिगळं ठेवावीत की काढावीत, हा प्रश्न होता. ठिगळांसकट गाडी कशीबशी दहांतून सात वेळा जमत होती, हे माहीत होतं. ठिगळं काढून नुसता एक आकडा बदलला, सोळाचा साडेपंधरा केला, तर काय होईल हे करून बघायला गाडी रिकामी नव्हती. थेट चार वाजताच, इस्पितळाच्या लोकांसमोर कळणार होतं. कागदावर उत्तर स्वच्छ होतं. पण कागदावरच्या स्वच्छपणावर तीन फेऱ्या आणि आपला एकुलता एक कॅमेरा लावायचा... सुयोग तिच्या मागून वाकून बघत होता. काढ सगळी, तो म्हणाला. तुझा जुना हिशेब बरोबर होता, त्याला बरोबर माप दे फक्त. हे सांगताना तो स्वतःच्या दुसऱ्या कॅमेऱ्याचा जीव घेत होता आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं असं दिसत होतं. अक्षतानं सव्वा काढला, तीन काढले, सहा काढले. एका जागी साडेपंधरा लिहिलं. एवढंसंच होतं.

चारला पाच मिनिटं कमी असताना पाहुणे आले. एक स्थूलसे गृहस्थ आणि एक उंच परिचारिका, कपडेविभागाच्या प्रमुख, ज्यांना चहा नको होता आणि लवकर जायचं होतं. अनिरुद्धनं बोलायला सुरुवात केली. तो बोलायला लागला की पाच मिनिटं कुणाला काही करायचं नसतं. खंडूकाकांनी लहान केलेली फ्रेम मांडणीवर चढवून, तिरकी, आपल्या हातानं तिरकी करून, ते बाजूला उभे राहिले होते. गाडी चार मीटरवर खडूच्या खुणेत उभी होती. अक्षता बटणापाशी.

आणि तिचं लक्षच लागेना. डोक्यात सत्याण्णव आणि शंभर फिरत होते. सुयोग लांब आहे हे तिनं पक्कं मोजलं होतं, अगदी सेंटिमीटरमध्ये. दिसत होतं ते खरंच दिसत होतं, त्यात चूक नव्हती: तो बोलत नव्हता, बघत नव्हता. फक्त त्यामागे धरलेलं माप... माणसं माझ्यापासून एवढी लांब असतात, असं एक माप कुणीतरी कधीतरी माझ्यात लिहून ठेवलं, बहुतेक मीच, आणि पुढे प्रत्येकाला त्यानंच मोजत आले. मग आणखी कोण? ती बघायला आलेली बाई, जिनं थेंब न सांडल्याचं कौतुक केलं. तिच्या मुलानं जाताना मागे वळून काहीतरी म्हटलं होतं, डाव्या बाजूनं, आणि मी ते टाळलं होतं. कॉलेजातल्या पोरी. खंडूकाका समोर उभे राहून म्हणाले ते. आणि आई... नवव्या दिवशी पट्टी आईनंच काढली. डॉक्टरांनी वर्षभर सांगितलेली पट्टी, पोरीच्या हनुवटीवरचं रक्त बघून, आईनं आपल्या हातानं काढली, आणि त्यानंतर कुणालाही सांगू नको म्हणाली. कुणाची गोष्ट कुणाला सांगू नको? माझी की तिची? अठ्ठावीस वर्षं मी धरून चालले की तिला माझी लाज वाटते, आणि ती ओट्याशी उभी राहून रोज रस्तो बघून ओलांड म्हणते आहे, रोज, एक दिवस न चुकता...

अनिरुद्ध थांबला. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. सुयोग त्याच्या नेहमीच्या जागेवरून निघाला, पाहुण्यांच्या मागून, मांडणीच्या मागून, चार्जरच्या वायरीत जवळजवळ अडखळत, मोठा वळसा घालून आला आणि तिच्या उजव्या हाताला उभा राहिला. आणि आपण आलो आहोत हे दिसावं म्हणून उगाचच खोकला.

तिनं बटण दाबलं. गाडी खुणेतून निघाली, चौकोनाच्या दिशेनं, बारीक घरघरत, आणि सगळ्यांच्या माना तिच्याबरोबर वळल्या. दोन मीटरवर ती वळेल, तिथे बघायला हवं, वेळेवर वळते की नाही, सगळं तिथेच ठरतंय. अक्षताला हे ठाऊक होतं आणि ती बघत मात्र नव्हती. ती तिथे उभ्या असलेल्या माणसांवरून एकेक करून नजर फिरवत होती, खंडूकाका, अनिरुद्ध, शेजारी श्वास रोखून उभा असलेला हा झोपेतून उठल्यासारखा माणूस, आणि तिथे नसलेली, मुलुंडात या वेळी चहा टाकत असलेली आई. आणि यांतलं कोण आपल्यापासून किती अंतरावर आहे, हे तिला आता काही केल्या सांगता येईना. सगळं नव्यानं मोजायला लागणार होतं, पहिल्यापासून. तिला त्याचा इतका आनंद झाला की बटणावरचं बोट काढायचं ती विसरून गेली.